इरकोबाचं बीजक

जावयाने सासूकडे काय मागावं याची आपल्याकडे रीत ठरलेली आहे. अंगठी मागावी, गाडी मागावी, नाहीतर रुसून बसावं. माझ्या जावयाने थडगं मागितलं.

तो वेल्सचा. माझी मुलगी तिकडे नर्स म्हणून गेली, तिथेच तिने याच्याशी लग्न केलं आणि लग्न झाल्यावर मला कळवलं. तेव्हापासून मी त्याला फोनच्या काचेतच पाहत आले आहे. तांबूस दाढी, हसरा चेहरा आणि तोंडपाठ केलेलं ‘जयभीम आई’. इतका गोड वागणारा माणूस मला पहिल्या दिवसापासून खटकला. गोड बोलणाऱ्याच्या पोटात काय असतं ते शोधून काढावं लागतं, असं माझी आई म्हणायची, आणि माझ्या आयुष्यात ती फारशी चुकलेली मला आठवत नाही.

मी ब्रह्मपुरीच्या शाळेत उभा जन्म इतिहास शिकवला. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात देव नाही, अंगारा नाही, कुठला बाबा नाही. ‘पुरावा दाखव, मग बोल’ हे मी वर्गात सांगायची आणि घरीही तसंच वागायची. भाजीवालीने पालक ताजा आहे म्हटलं तरी मी जुडी सोडून आतली पानं बघते. मुलगी म्हणते, आई, तू पोलिसात जायला हवं होतंस.

एकदा बोलता बोलता मी जावयाला इंग्रज म्हटलं. तो हसायचा थांबला. फार नम्रपणे म्हणाला, मी इंग्रज नाही. गोरा तो गोरा, त्यात आणि हे काय नवीन, असं वाटून मी वेल्सचा इतिहास वाचायला घेतला. खरं सांगायचं तर त्याला कुठेतरी पकडायचं होतं. पण वाचता वाचता वैतागले, कारण मला त्याच्यावर रागवायचं होतं आणि इतिहास मला त्याच्या बाजूला ओढत होता. इंग्रजांच्या राजाने त्यांच्या छातीवर किल्ले बांधले. एका इंग्रजी शहराला पाणी पाजायला त्यांचं गाव बुडवलं. शाळेत कोणी आपली बोली बोललं की त्याच्या गळ्यात लाकडाची फळी अडकवायचे. मला आमचे एक गुरुजी आठवले. ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हटलं की ते बाकावर उभं करायचे. आमच्याकडे फळी तेवढी नव्हती.

तर एके दिवशी हा जावई म्हणाला की त्याच्या आजोबांचा एक चुलता कोळशाच्या कामावर हिंदुस्थानात गेला होता. आमच्याच भागात कुठेतरी. पुढे त्याचं काही कळलं नाही. तुमच्याकडे अशी एखादी कबर आहे का? मी मुलीला बाजूला घेऊन विचारलं, याला नक्की काय हवंय? जमीन वगैरे? ती इतकी चिडली की तिने फोनच बंद केला. मला मात्र तो प्रश्न अजूनही गैर वाटत नाही.

माझ्या शाळेतली एक जुनी सहकारी आहे, तिचं सासर पोंभुर्ण्याच्या पलीकडे जंगलाला लागून असलेल्या एका गावात. ती मला कधीकाळी म्हणाली होती की त्यांच्या गावाबाहेर एक देव आहे आणि त्याच्या अंगावर इंग्रजी अक्षरं आहेत. त्या रानात कोळसा सापडतो का ते पाहायला साहेबलोकांनी पूर्वी जमिनीत भोकं पाडली होती, हेही तिनेच सांगितलं होतं. देवाचं नाव इरकोबा. एका सकाळी मी बस पकडली, पुढे काळीपिवळी जीप.

जीपमध्ये चौकशी सुरू झाली. कोणाकडे? कशाला? मी म्हटलं, असंच, पाहायला. हे उत्तर मी पुण्यात दिलं असतं तर चाललं असतं. आमच्याकडे ‘असंच’ कोणी कुठे जात नाही. जीपमधल्या एकाने फोन काढला आणि मी उतरायच्या आधी मी आल्याची बातमी गावात पोचली.

थांब्यावरच गावचे पोलीस पाटील उभे होते. पन्नाशीचे, स्वच्छ पांढरा सदरा, बारीक डोळे.

“बाई कोन गावच्या?”

“ब्रह्मपुरीच्या.”

“कोनाच्या घरी आल्या?”

“कोनाच्याच नाई. देव पाहाले आली.” शाळेत इतकी वर्षं झाकून ठेवलेली बोली आपोआप तोंडात आली.

“देव पाहाले,” ते म्हणाले, “अन् नारळ नाई, उदबत्ती नाई.”

आम्ही दोघांनी एकमेकांना नीट न्याहाळलं. चोराला चोराची पावलं ठाऊक म्हणतात, तसं संशयी माणसाला संशयी माणूस लगेच कळतो. ते माझ्याबरोबर देवापर्यंत आले.

मोहाच्या झाडाखाली एक काळपट दगड तिरका रुतलेला होता. शेंदूर फासलेला, पण अक्षरांवर नाही, अक्षरं कोणीतरी काळजीने मोकळी ठेवली होती. वरची एक ओळ तेवढी शाबूत. इंग्रजी वर्णमालेतलीच अक्षरं, पण इंग्रजीत त्यांचा काही अर्थ लागेना. ‘इर कोफ आम’ असं काहीतरी वाचता येत होतं. त्याखाली दगड फुटलेला. खालचा अर्धा भागच नव्हता.

गोंडीत मोहाला इरू म्हणतात. मोहाच्या झाडाखालचा देव, म्हणून इरकोबा. मी मनातल्या मनात त्यावर एक छानसा लेखसुद्धा लिहून टाकला. पाटील म्हणाले, तसं नाही. गावातल्या पहिल्या शिकलेल्या माणसाने ही अक्षरं मोठ्याने वाचली, तेव्हापासून हे नाव. आणि त्यांनी मला हळूच विचारलं, “तुमाले तरी वाचता येते का?”

तो प्रश्न साधा नव्हता. कारण दगडाच्या मागे एक ताजा खड्डा होता आणि त्यात कापलेलं लिंबू पडलं होतं.

“हे काय जी?”

“रानडुकरानं उकरलं असन.”

रानडुक्कर लिंबू कापत नाही, एवढं मला इतिहास शिकवूनही माहीत आहे. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गावाला वाटत होतं की हे बीजक आहे. पुरलेलं गुप्तधन कुठे आहे ते सांगणारा लेख. गावात आता बरीच पोरं इंग्रजी शिकलेली आहेत, त्यांनी दगड वाचून पाहिला. अक्षरं इंग्रजी आणि भाषा इंग्रजी नाही, म्हणजे साहेबाने मुद्दाम फिरवून लिहिलं. फिरवून लिहिलं म्हणजे लपवायचं काहीतरी होतं. या विचारात मला एकही चूक काढता येईना, आणि त्याचाच मला राग आला.

दगडापाशी एक बाई बसली होती. माझ्याच वयाची, वाळलेली. ती पाला वेचत होती. मला वाटलं, ही इथली भगतीण, आता अंगारा देईल आणि हात पुढे करेल. मी तिच्या आजूबाजूला ताट शोधलं. ताट नव्हतं. तिने काही मागितलंही नाही.

“हरपलं ते देते हा,” ती म्हणाली. “रानात गुरं हरपली का लोकं इथी येऊन सांगतेत. भेटतेत बी.”

“तुमचं काय हरपलं, बाई?”

“पोरगा.”

मुलगा मिरची तोडायला तेलंगणात गेला होता. आमच्याकडची माणसं दरवर्षी जातात, टोळीने जातात, टोळीने येतात. त्या साली टोळी आली आणि तो आला नाही. बरोबरचे म्हणाले, एका स्टेशनवर पाणी प्यायला उतरला. तेव्हापासून ती रोज या दगडाला पाणी घालत होती.

“भाऊबंद म्हणतेत तेरवी करून टाक. लय सालं झाली,” ती म्हणाली. “मी काऊन करू? त्याचं मढं कोनी पाह्यलं का? तो मेला असं सांगनारा एक तरी मानूस आना म्हनलं मी.”

पुराव्याशिवाय मरण न मानणारी ही बाई मला आवडली. तरी मनाचा एक कोपरा म्हणतच होता की ही पाटलांच्या बाजूची असेल, दगडावर पहारा ठेवायला बसवलेली. स्वभावाला औषध नाही.

दगडाचा खालचा तुकडा कुठे असेल, याचा मी अंदाज केला. चांगला सपाट दगड बाया कुठे नेतील? धुणं धुवायला. मी तळ्यावर गेले आणि एकेक धुण्याचा दगड उलटा करून पाहायला लागले. कपडे बडवणाऱ्या बाया हात थांबवून बघत राहिल्या. एकीने विचारलं, काय हरपलं, बाई? मी म्हटलं, काही नाई, असंच. परत तोच शब्द. तुकडा मिळाला नाही.

निघताना मी दगडाचा फोटो काढला.

“फोटो काऊन काढून राह्यल्या?” पाटील म्हणाले.

“जावयाले पाठवाचा हाय.”

“कुठी असते जावई?”

“तिकडं. इंग्लंडकडं.” वेल्स त्यांना कसं समजावून सांगणार?

पाटलांनी मान डोलवली. त्या मान डोलवण्यात सगळं होतं. साहेबाचा वारस आला आणि ठेवा काढायला सासूला पुढे धाडलं. खरं तर त्यांच्या जागी मीही हेच समजले असते.

घरी येऊन फोटो पाठवला. जावयाने फोन केला तेव्हा तो हसत नव्हता. त्याने ती ओळ वाचली. फ नाही, तिथे व म्हणायचा. एर कोव आम. ही आमची भाषा आहे, तो म्हणाला. त्याने फोन मुलीकडे दिला, पुढचं तिने सांगितलं. अर्थ एवढाच: ‘च्या स्मरणार्थ’. पुढे नाव येतं. ते नाव फुटून गेलं होतं.

मी विचारलं, हे जिवंत माणसासाठी लिहितात का? तो म्हणाला, नाही. थडग्यावरच लिहितात.

अर्थातच मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. दोन ठिकाणी पडताळून पाहिलं. तो खरं बोलत होता. म्हणजे एक अख्खं गाव इतकी वर्षं ‘च्या स्मरणार्थ’ या अर्ध्या वाक्याला नारळ फोडत होतं. मला आधी हसू आलं आणि मग मी तो फोटो पुन्हा उघडून पाहिला. हा तुझा चुलत-पणजोबा असेल का, असं मी जावयाला विचारलं. तो म्हणाला, असेल, नसेल, पण कोणाचा तरी आहे. पुरावा नाही याची त्याला खंत नव्हती. मी त्याला पहिल्यांदाच विचारलं, जेवलास का?

थोड्याच दिवसांत सहकारी बाईचा फोन आला. गावाने ठरवलं होतं. साहेबाची माणसं यायच्या आत दगड काढून खाली काय आहे ते एकदाचं पाहून घ्यायचं. मुलगा हरपलेली ती बाई दगडाला धरून बसली आहे, जेवत नाही. तिचं एकच म्हणणं, हा गेला तर माझा पोरगा वाट कोणाला विचारून येईल?

सहकारी बाई आणि मी दुसऱ्या दिवशी सकाळीच तिथे पोचलो. मोहाखाली वीस-पंचवीस माणसं, हातात सब्बल म्हणजे लोखंडी पहारी, कुदळी. बाई दगडाला पाठ लावून बसली होती. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. तिच्या दृष्टीने हे सगळं मी आल्यावर सुरू झालं होतं.

मी उभी राहिले आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं. हे बीजक नाही. ही इंग्रजी नाही, वेल्स नावाच्या मुलखाची बोली आहे. आपली जशी झाडीबोली, तशी त्यांची ती. तिथला कोणी माणूस कोळशाच्या कामाला इथे आला आणि इथेच मेला. यावर लिहिलंय, ‘अमक्याच्या आठवणीत’. हे थडगं आहे.

“अमक्याच्या म्हंजे कोनाच्या?” पाटील म्हणाले.

“नाव फुटलं.”

“फुटलं का फोडलं?”

एक तरुण म्हणाला, “मॅडम, थडगं आहे अन् नाव नाई. नाव लपवाले थोडी कोनी थडगं बांधते?” माणसं हसली. दुसरा म्हणाला, बाईचा जावई तिकडचाच आहे, तो सांगेल तेच बाई सांगणार. मी इतकी वर्षं मुलांना शिकवलं की सांगणाऱ्याचा हेतू आधी तपासा. त्यांनी तपासला होता. एकाने सब्बल उचलली.

तेव्हा ती बाई बोलली. मोठ्याने नाही.

“मॅडम म्हनते थडगं हाय. थडग्याले कोनी हात लावत नाई.”

“पन कोनाचं थडगं, काकी?” सब्बलवाला म्हणाला.

तिने दगडाच्या फुटलेल्या कडेवर हात ठेवला. बराच वेळ ती तिथेच बोटं फिरवत राहिली.

“जागा रिकामी हाय ना,” ती म्हणाली. “माह्या पोराचं नाव लिव्हा.”

मला पहिल्यांदा वाटलं, काय हुशार बाई आहे, एका वाक्यात सगळ्यांना गप्प केलं. मग मला कळलं की तिने काय केलं. इतकी वर्षं भाऊबंदांशी भांडून जो मुलगा तिने मरू दिला नव्हता, तो तिने तिथे सगळ्यांसमोर थडग्यात घातला. दगड वाचवायला. मी सहकारी बाईच्या खांद्याला धरलं.

सब्बल खाली आली. आपल्याच गावच्या पोराच्या नावाखाली कोण खणणार? पाटलांचं समाधान मात्र झालं नव्हतं. ते म्हणाले, बोलून काय होते, आता लिहूनच टाका, आजच. गावात नंबरप्लेटा रंगवणारा एकजण होता, त्याला बोलावलं. तो पांढऱ्या रंगाचा डबा, ब्रश आणि बाटलीत रॉकेल घेऊन आला. फुटलेल्या कडेखालची जागा त्याने फडक्याने पुसली, ब्रश बुडवला आणि थांबला.

“कै. लिव्हू ना?”

“ते काय असते?” बाईने विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

“मेलेल्याच्या नावाच्या आंधी लिव्हतेत. कैलासवासी.”

“नाई,” ती म्हणाली. “नुसतं नाव लिव्ह.”

पाटील पुढे आले. “असं कसं? कै. नाई लिव्हलं त हे थडगं कायचं? उद्या म्हनसान, नाव त जित्या मानसाचं बी लिव्हतेत. मॅडम, तुमीच सांगा.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पाटलांचे बारीक डोळे माझ्यावर रोखलेले होते. त्यांना माझ्या तोंडून एक चूक हवी होती.

“वरच्या ओळीचा अर्थ तोच आहे,” मी म्हटलं. “त्यांच्या बोलीतलं ते कै.च आहे. एका नावाले दोनदा कै. कोनी लिव्हते का, भाऊ?”

पेंटर म्हणाला, ते बरोबर आहे, वाईट दिसन. पाटलांनी दगडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते मागे सरकले. त्यांना पटलं असं मला आजही वाटत नाही. सब्बल, कुदळी घेऊन माणसं पांगायला लागली.

बाईने मला पदराला धरून खाली बसवलं.

“तुम्ही शिकलेल्या बाई,” ती हळू आवाजात म्हणाली. “खरं सांगा. ते वरचं हाय ते मेलेल्याचंच असते का? आठवन त जित्या मानसाचीबी येते.”

जावयाने मला स्पष्ट सांगितलं होतं. मी दोन ठिकाणी पडताळलंही होतं.

“जित्याचीबी असते,” मी म्हटलं. “तिकडं तसंबी लिव्हतेत.”

तिने माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, मी भाजीवालीकडे बघते तसं. मी नजर हलू दिली नाही.

“अन् रंग निंगते का मंग? तो आल्यावर?”

पेंटर ब्रश धरून उभा होता. तो काही बोलायच्या आत मी म्हटलं, “रॉकेलनं निंगते.”

तिने मान हलवली, दगडापासून थोडी बाजूला सरकली आणि म्हणाली, “लिव्ह, भाऊ.”